हा दगड आत थिजला की बाहेर?

१९८६ च्या उन्हाळ्यात मी संगमनेर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची चाळीस फूट विहीर फुकट घालवली. कारण एवढंच, की मला मॅग्मा आणि लाव्हा वेगळे ओळखता आले नाहीत. व्याख्या विचारली असती तर झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगितली असती: शिलारस जमिनीच्या पोटात असतो तोवर मॅग्मा, बाहेर पडला की लाव्हा. परीक्षेत या एका ओळीला दोन मार्क मिळतात आणि ते बरोबरच आहेत. पण माझ्यापुढे होता थिजलेला काळा कातळ. थिजला की दोन्ही नावं संपली, उरतो तो खडक. आता हा खडक थिजण्याआधी कुठे होता, आत की बाहेर, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावं लागतं. ते कसं काढायचं, ते सांगतो. विहिरीचं पुढे येईलच.

सोबत फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची बाटली, एक खिळा आणि एक वही. हातोडी घेतलीत तर रस्त्याकडेला पडलेल्या धोंड्यांपुरती वापरा. किल्ले, लेणी, देवळं यांच्या दगडाला हात लावायचा नाही. तो गुन्हाही आहे आणि गाढवपणाही. पावसाळ्यात घाटातल्या दरडीखाली उभं राहू नका. मी राहायचो, पण तेव्हा मी तिशीत होतो आणि डोक्यावर सरकारी टोपी असली की दगड पडत नाही अशी माझी समजूत होती.

आधी शिलारसाबद्दल थोडं, कारण पुढच्या सगळ्या खुणा त्यातूनच निघतात. मॅग्मा म्हणजे नुसता वितळलेला दगड नव्हे. त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: वितळलेला रस, त्यात आधीच तयार होऊ लागलेले स्फटिक आणि दाबामुळे विरघळून बसलेले वायू. वायूंत पाण्याची वाफ सगळ्यात जास्त, मग कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू वगैरे. गोटीसोड्याची बाटली आठवा. गोटी तोंडाशी घट्ट आहे तोवर आत एक बुडबुडा दिसत नाही. गोटी आत ढकलली की फसफस. मॅग्मा वर येताना त्याच्यावरचा दाब असाच उतरतो, वायू सुटायला लागतात, आणि बाहेर वाहतो तो लाव्हा म्हणजे बराचसा वायू गमावलेला मॅग्मा. वायू फारच जोरात सुटले तर रसाच्या चिंधड्या होतात, लाव्हा वाहतच नाही, राख आणि प्युमिस, म्हणजे फेसासारखा हलका सच्छिद्र दगड, उडतात. इसवी सन ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं पॉम्पेई शहर गाडलं ते याच राखेनं आणि तप्त वायूंच्या लोंढ्यांनी. ‘पॉम्पेई लाव्हाखाली गेलं’ असं लिहिलेलं दिसलं की लिहिणारा तिथवर वाचत गेलेला नाही हे समजावं.

आमच्या बोअरवाल्यांना मी नेहमी आइसलंडची गोष्ट सांगतो. तिथे क्राफ्ला ज्वालामुखीजवळ नामाफ्याल म्हणून जागा आहे. वाफ काढायला तिथे बोअर घेतलेले आहेत. सप्टेंबर १९७७ मध्ये जमिनीखालून सरकत चाललेला मॅग्मा त्यातल्या एका बोअरला येऊन भिडला आणि त्याच नळीतून वर उसळला. सुमारे तीन टन माल बाहेर पडला, खडीसारखा, काळा, फुगीर. आत होता तोवर मॅग्मा, तोंडावर आला आणि नाव बदललं. मधलं अंतर म्हणजे एक पाइप. २००९ मध्ये त्याच क्राफ्लाला दुसरा बोअर दोन किलोमीटरच्या थोडं पुढे गेला आणि ड्रिल थेट मॅग्मात घुसलं. आपल्याकडे बोअरला पाणी लागत नाही म्हणून लोक रडतात. त्यांना काय लागलं बघा.

आता दगडाकडे वळू.

दगडाचा बाहेरचा रंग बघून मत बनवू नका. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, उन्हापावसात तपकिरी पडतो, वर सालपट धरतो. ताजा तुटलेला भाग शोधा, त्यावर पाणी ओता आणि मग भिंग लावा. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. बहुतेक लोक उलटं करतात, भिंग दगडावर धरून लांबून डोळे बारीक करतात आणि म्हणतात, काही दिसत नाही.

पहिली खूण दाण्याची. घरात खडीसाखर आणि बत्तासा दोन्ही असतील तर शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही साखरच. खडीसाखरेचा पाक दिवस-दिवस न हलवता ठेवतात, म्हणून खडे मोठे, कोन धरलेले. बत्तासा झटपट थंड होतो, म्हणून दाणा दिसतच नाही, उलट आत भोकं. दगडाचंही असंच. जमिनीखाली चारी बाजूंनी खडकाचं पांघरूण असतं, उष्णता निघायला हजारो वर्षं लागतात आणि स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे वाढतात. ग्रॅनाइट तसा, गॅब्रो तसा. बाहेर हवेत, पाण्यात रस पटकन थिजतो आणि दाणा भिंगातही जेमतेम दिसतो. बेसॉल्ट आणि गॅब्रो रसायन म्हणून जवळजवळ सारखे आहेत, फरक फक्त थिजण्याच्या जागेचा. मधला एक प्रकार आहे डोलेराइट, फार खोल न जाता फटींत थिजलेला. त्याचा दाणा साखरेच्या बारीक कणीसारखा. ही कणी लक्षात ठेवा, माझी विहीर तिच्यातच बुडाली.

दुसरी खूण भोकांची. लाव्हा थिजताना शेवटचे वायूचे बुडबुडे वर चढतात आणि वरच्या सायीखाली अडकतात. म्हणून लाव्हाच्या थराचा वरचा भाग सच्छिद्र, मधला भाग घट्ट. आपल्या दगडात ही भोकं रिकामी फारशी सापडत नाहीत. नंतर झिरपलेल्या पाण्यानं त्यांत पांढरे, हिरवट, गुलाबी खनिजांचे दाणे भरून टाकलेत. विहीर खोदणारे त्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघालेलं कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज जगभरच्या संग्रहालयांत पोचलंय, ते अशाच पोकळ्यांतलं. थराच्या अगदी तळाशी कधी कधी पेन्सिलीसारख्या उभ्या नळ्या दिसतात, भरलेल्या. खालच्या ओलसर जमिनीवर गरम रस पसरला की बुडबुडे तळातून वर सरकतात, त्यांच्या त्या वाटा. नळ्या एका बाजूला कलंडलेल्या असतील तर लाव्हा कुठल्या दिशेला वाहत होता तेही कळतं. घाटात हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा जीप थांबवून मी अर्धा तास त्या नळ्या मोजत बसलो होतो, ड्रायव्हर आत झोपला होता.

तिसरी खूण दुरून बघायची, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात मोलाची. लाव्हा पाण्यासारखा पसरतो, म्हणून तो आडवा पडलेला असतो. माळशेज असो, वरंध असो, समोरच्या कड्यावर नजर टाका: घट्ट कडा, मग उताराची पायरी, पुन्हा कडा, पुन्हा पायरी. दख्खनच्या या लाव्हाथरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात; त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलाय, तो या पायऱ्यांमुळेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लांबलांब भेगांतून हे थर एकावर एक ओतले गेले. आज उरलेत ते साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर. लोक कळसूबाईकडे किंवा हरिश्चंद्रगडाकडे बोट दाखवून विचारतात, हा ज्वालामुखी होता ना? नव्हता. शंकूच्या आकाराचा डोंगर दिसला म्हणजे ज्वालामुखी, हा शाळेतल्या चित्रांनी केलेला घोळ. आपले डोंगर म्हणजे पसरलेल्या लाव्हाचा ढीग, नद्यांनी कापून उरलेला.

थरांमध्ये जागोजागी विटेच्या रंगाची पट्टी दिसते, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. दोन लाव्हांच्या मध्ये जो निवांत काळ गेला त्यात खालच्या थराचा माथा झिजून, कुजून माती झाली, आणि वरून आलेल्या रसानं तिला आणखी भाजलं. ही लाल पट्टी म्हणजे वरचा थर उघड्यावर वाहिल्याचा पक्का पुरावा. पोटातल्या मॅग्माला अशी उघडी जमीन कुठून मिळणार? मुंबईत वरळीच्या टेकडीवर तर दोन उद्रेकांच्या मधल्या तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत. बेडूक डराव-डराव करायला लागावेत इतकी फुरसत मिळाली होती.

मॅग्मा मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उभा सापडतो. ज्या भेगांतून रस वर येत होता त्यांत शेवटचा रस तसाच थिजून राहिला. आजूबाजूचा मऊ थर झिजला आणि हा भेगेतला दगड भिंतीसारखा उघडा पडला. त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे असे डाइक शेकड्यांनी आहेत, मैलोन् मैल सरळ रेघेत चाललेले. एसटीच्या खिडकीतून कुणी पडका तट म्हणेल. आमच्या संगमनेरच्या आसपासही यांचा एक झुबका आहे.

आता विहीर. शेतकरी म्हातारे होते, मी त्यांना बाबा म्हणायचो, ते मला साहेब. त्यांच्या शेतात वर फूट-दोन फूट माती, मग मुरूम, खाली काळा घट्ट पाषाण. मी हिशेब केला: हा लाव्हाच्या थराचा मधला घट्ट भाग आहे, पंधरा-वीस फूट फोडला की खालचा थर लागेल, त्याचा माथा मांजऱ्या असेल आणि त्यात पाणी. लाव्हासाठी हिशेब एकदम चोख. पंधरा फूट गेले, पंचवीस गेले, तोच दगड. तिसाव्या फुटाला सुरुंग लावणारे मामा वर आले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, “साहेब, हा थर न्हाई. ही भिंत हाय. भिंतीला खाली शेवट नसतो.” मी तेव्हा त्यांना भूगर्भशास्त्र शिकवलं. आणखी दहा फूट खोदायला लावलं. चाळीसाव्या फुटाला बाबांचे पैसे संपले.

आडवा लाव्हा खोदत गेलात तर कधी ना कधी संपतो. उभा मॅग्मा संपत नाही, तो जिथून आला तिथवर खाली गेलेला असतो. एवढ्या एका वाक्याची मला तेव्हा गरज होती. शिवाय असली भिंत जमिनीखाली बांध घातल्यासारखं पाणी अडवते, म्हणजे पाणी तिच्या चढाच्या बाजूला साठतं. पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं चढाकडे साठ फुटांवर विहीर घेतली. तिला मार्चपर्यंत पाणी असायचं. (प्रत्येक डाइक पाणी अडवतोच असं नाही, काही फुटके असतात आणि त्यांतूनच पाणी वाहतं. म्हणून भिंत दिसली की बोअर तिथेच, असा नवा नियम कृपा करून करू नका.)

मी काय बघायला हवं होतं? कड. गरम रस थंड खडकाला भिडतो तिथे तो पटकन थिजतो आणि अगदी बारीक दाण्याचा, जवळजवळ काचेसारखा होतो. डाइकच्या दोन्ही कडांना असं असतं आणि मध्ये दाणा मोठा होत जातो. हाताचं बोट कडेपासून आत सरकवत न्या आणि दर वीतभर अंतरावर भिंग लावा, बदल दिसेल. डाइकला लागून असलेला जुना खडकही दोन्हीकडून भाजलेला असतो. लाव्हाचा थर फक्त खालच्याला भाजतो. वर त्याच्या काही नव्हतंच, आकाश होतं. ही कसोटी पक्की लक्षात ठेवा, कारण कधी कधी मॅग्मा दोन थरांच्या मध्ये आडवाही शिरतो, त्याला सिल म्हणतात, आणि तो हुबेहूब लाव्हासारखा पडलेला दिसतो. वरचा खडक भाजलाय का ते बघा. भाजला असेल तर तो नंतर आत घुसलेला मॅग्मा.

खांबांचीही एक गंमत आहे. थिजताना दगड आकसतो आणि पाच-सहा कोनांचे खांब पडतात. हे खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात असतात. लाव्हा वरून-खालून थंड होतो, म्हणून खांब उभे, जसे पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला आहेत. डाइक डावी-उजवीकडून थंड होतो, म्हणून खांब आडवे, सरपणाची मोळी रचल्यासारखे. भिंतीसारख्या दगडात आडवी मोळी दिसली की पुढे भिंगाचीही गरज नाही.

मग पुणे-नाशिक रस्त्यानं कधी गेलात तर मंचरचं नाव ध्यानात ठेवा. तिथल्या परिसरातल्या एका लाव्हा थराला भूगर्भशास्त्रज्ञांनी मंचरचंच नाव दिलंय. काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहून लांब, पांढुरके चपटे स्फटिक विखुरलेले. शेवयांचे जाड तुकडे सांडल्यासारखे. मी हा दगड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा गोंधळलो. दाणा मोठा, म्हणजे मॅग्मा. पण थर आडवा, मधला काळा भाग अतिबारीक, म्हणजे लाव्हा. दोन्ही बरोबर आहे. ते फेल्स्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक पोटात, मॅग्माच्या कोठीत वाढले; त्यांना शेकडो वर्षं तरी लागली असतील. मग कोठी उपसली गेली, रस स्फटिकांसकट बाहेर आला आणि उरलेला भाग झटक्यात थिजला. हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या एका तुकड्यात आतलं आयुष्य पांढरं आणि बाहेरचं काळं. शिकवायला याहून चांगला दगड माझ्या पाहण्यात नाही, आणि तो माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.

नुसता मॅग्मा बघायचा असेल, डोंगरभर, तर गिरनार. आपल्याकडची कितीतरी माणसं दत्ताच्या पादुकांसाठी त्या पायऱ्या चढतात. तो डोंगर लाव्हाचा नाही. दख्खनच्याच उलथापालथीतला, पण वर न पोचता पोटात थिजलेला रस, गॅब्रो आणि डायोराइट, जो वरचं आच्छादन झिजल्यावर उघडा पडला. दम लागला की कठड्याला टेकून बसतोच आपण. तेवढ्यात खडकाचा दाणा बघून घ्या. सह्याद्रीत असा भरड दाणा डोंगरभर कुठे दिसायचा नाही.

फसायच्या जागाही सांगतो. लाव्हा फार जाड साचला तर तोही सावकाश थिजतो आणि दाणा मोठा होतो. हवाईत किलाउएया इकी या विवरात १९५९ मध्ये शंभर मीटरहून खोल लाव्हाचं तळं झालं, ते तळापर्यंत थिजायला पस्तीसेक वर्षं लागली. म्हणून फक्त दाण्यावर निकाल देऊ नका, बैठक (दगड आडवा पडलाय की उभा) आणि कड बघाच. कोकणातला जांभा आणि पाचगणीच्या पठारावरचा लाल कातळ या दोहोंत या खुणा शोधू नका, तो कुजून बदललेला खडक आहे. आणि लोणार ज्वालामुखीचं तोंड नव्हे. तिथे बेसॉल्टवर उल्का आदळली. तिथे दगड वितळला खरा, पण धक्क्यानं. त्याला ना मॅग्मा म्हणतात ना लाव्हा.

बातम्या वाचतानाही हा फरक कामाला येतो. १० नोव्हेंबर २०२३ ला आइसलंडमधलं ग्रिंडाविक गाव रातोरात रिकामं केलं, तेव्हा मला आलेल्या एका व्हॉट्सअॅप मजकुरात ‘गावात लाव्हा शिरला’ असं होतं. लाव्हा तेव्हा कुठेच नव्हता. सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा डाइक जमिनीखालून, गावाच्या खालून गेला होता. रस्ते फाटले होते, पण बाहेर थेंब नाही. लाव्हा बाहेर आला १८ डिसेंबरला, गावाच्या उत्तरेला. घरं जळाली ती १४ जानेवारी २०२४ ला, जेव्हा भेग गावाच्या कडेलाच उघडली. जमीन फाटते, फुगते, हादरते ते मॅग्मामुळे. जाळतो तो लाव्हा.

बाबा गेले, त्यांच्या मुलानं ते शेत ठेवलंय. विहीर बुजवायचं म्हणत होता, मी नको म्हटलं आणि कठडा बांधायचे अर्धे पैसे दिले. दर दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पाच-सहा पोरं घेऊन जातो. दोर लावून एकेकाला दहा फुटांवरच्या टप्प्यावर उतरवतो. पूर्वेच्या अंगाला मांजऱ्या आहे आणि त्याला चिकटून करंगळीएवढी काळी, काचेसारखी उभी पट्टी. तिथून पश्चिमेला सरकलं की दाणा हळूहळू साखरेच्या कणीएवढा होतो. आमच्या भागात डाइकची इतकी स्वच्छ कापलेली कड मला दुसरीकडे सापडलेली नाही. मुलगा वरून चहा पाठवतो आणि दरवेळी पोरांना सांगतो, “ही साहेबांनीच खोदली.”